बोला, कसा आवाज येतो?

(रंगमंचावर बोनेट उघडलेली गाडी उभी आहे असं समजायचं. मिस्त्री चिंधीने हात पुसत येतो. कमरेला हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर.)

या, बसा. लोधिवलीत थांबलात म्हणजे गाडी बिघडलेलीच असणार. नायतर इथे थांबतंय कोण? पुढे चौक, खालापूर, खोपोली, की लागला घाट. शहाणा माणूस घाटाआधी गाडी दाखवतो, बाकीचे शिंग्रोबाला नाणं टाकतात. माझं कुणाशीच वाकडं नाय. टोचन लावून दोघं माझ्याकडेच येतात.

आता गंमत अशी, की गाडी माझ्या दारात आली की तिचा आवाज बंद. दाराबाहेर गेली की सुरू. म्हणून मी म्हणतो, तोंडाने काढून दाखवा. आणि इथे माणूस कळतो!

डोंबिवलीकर. (एका दमात) 'टकटकटकटक, पण लवकर सांगा हां, महडला दर्शन करून संध्याकाळी घरी पोचायचंय, टकटकटक.'

वावोशीचा पिकअपवाला. तो आवाज काढतच नाय. 'मळणीत खडा गेल्यावर वाजतं ना, तसं.' संपलं! मी न बघता सांगतो, बेअरिंग.

पुणेकर. एक्सप्रेसवेचा टोल वाचवायला जुन्या हायवेने आलेला. (काच दोन बोटं खाली करून) 'तुम्ही काढताय तो आवाज नव्हे. तुमचा "खड". आमचा "खर्र". किंचित अनुनासिक. आणि तो चौथ्या गिअरलाच येतो. तिसऱ्याला आला, तर ती आमची गाडी नव्हे.' मी म्हटलं, 'बोनेट उघडा.' 'नुसतं उघडण्याचे किती?'

मग जोडपं. 'पनवेलपासून सांगतेय, काहीतरी वाजतंय.' 'मला नाही ऐकू येत.' ते काम माझ्या गॅरेजचं नाय.

खरं सांगू? २००२ ला एक्सप्रेसवे पुरा सुरू झाला आणि माझ्या दारातली रांग तिकडे गेली. त्याआधी मे महिन्यात पद्मिनी गाड्या तोंडातून वाफ सोडत यायच्या. गाडीला पाणी, माणसाला वडा. आता काच वर, एसी चालू, गाणी चालू. इंजिन बोंबलतंय आणि हा बायकोला सांगतोय, 'बेस बघ काय येतोय!'

आणि त्यातून जे उरले, ते मोबाईलवर व्हिडिओ बघतात. त्या व्हिडिओतल्या मेकॅनिकवर माझा राग आहे. हातात निळे मोजे, अंगावर ग्रीसचा ठिपका नाय, आणि नट? बोट लावलं की सुटतो! इथे पावसाळे खाल्लेला नट आहे बाबा, त्याला आधी शिवी लागते.

तर साहेब. रसायनीच्या कंपनीतून रिटायर. गाडी मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. १९८३ ला आली, २०१४ ला कारखान्यातून निघायची बंद झाली, पण साहेबांना हे कुणी कळवलेलं नाय. (छाती पुढे, आवाज नाकातून) 'मी कंपनीत असताना बॉयलर उघडलेत! हे तर इवलंसं इंजिन!'

रविवारी साहेबांनी व्हिडिओ लावला, फॅन बेल्ट बदलला, टॅपेट सेट केले. सोमवारी दारात हजर. हातात फरसाणचा डबा. मी चहा सांगितला. डबा उघडतो तर चार नट, एक वायसर, एक स्प्रिंग आणि एक अशी वस्तू, जी मी हयातीत कधी गाडीत बघितली नाय.

'हे काय?'

'शिल्लक. गाडीत जास्तीचं भरलं होतं. मी कंपनीत असताना आम्हीही स्पेअर ठेवायचो.'

'इंजिनच्या आत?'

गाडी चालू केली. वरून चींऽऽ, खालून टकटक. चींचं सोपं असतं. चालत्या बेल्टवर जरासं पाणी टाकलं. आवाज क्षणभर गेला, परत आला. म्हणजे ओरडतोय तो बेल्टच. साहेब म्हणतात, 'मग मी पाण्याची बाटली घेऊन बसू का?'

टकटकीसाठी प्लगची एकेक टोपी काढून बघितली. ठोका हलका पडला असता तर बेअरिंगवर संशय. पडला नाय. शिवाय लय निम्मी. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटही निम्म्या लयीत वाजतो. साहेब लगेच, 'म्हणजे विलंबित! मी कंपनीत असताना गणपतीत तबला...'

मग हा काढला. (स्क्रू ड्रायव्हर उपसतो.) टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडाला. हे मला वस्तादांनी शिकवलं. घाटातल्या ट्रकांखाली त्यांचं आयुष्य गेलं, कानाचे पडदे गेले. मागून हाक मारली तर वळायचे नाय. पण मूठ हाडाला टेकली की आवाज पडद्याला वळसा घालून थेट आत जायचा. डोळे मिटायचे. सगळं गॅरेज गप्प व्हायचं. मग हळूच म्हणायचे, 'तीन नंबरला दुखतंय.' (विराम.) आणि घरातून काकी ओरडायच्या, 'माझं ऐकायला कुठला पाना लावू, ते पण सांगा!'

साहेबांना म्हटलं, टॅपेट ढिले राहिलेत, गाडी ठेवून जा. 'किती होतील?' सांगितले. साहेब गाडी घेऊन घरी.

पुढच्या रविवारी परत. गाडी चालू, आवाज शून्य. 'ऐका! काही ऐकू येतंय? आवळले! गच्च आवळले!'

माझ्या पोटात गोळा. अहो, टॅपेटला फट लागते. इंजिन तापलं की धातू वाढतो. फटच ठेवली नाय तर व्हॉल्व पुरता मिटत नाय, जळता गॅस कडेने निसटतो आणि व्हॉल्व जळतो. वाजणारा टॅपेट नुसता कटकट करतो. गप्प बसवलेला टॅपेट हेड उतरवायला लावतो.

'पण आवाज गेला ना?'

'साहेब, तुमच्या कंपनीत बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व वाजला, तर त्याला बूच मारायचात काय?'

(लांब विराम. छाती हळूहळू आत.) 'तसं... मी अकाउंट्सला होतो.'

'आणि बॉयलर उघडलेत म्हणालात ते?'

'फायली.'

हेड उतरवलं. एक व्हॉल्व गेलाच होता. बिल साहेबांनी वरून खाली तपासलं, खालून वर तपासलं. बेरीज बरोबर निघाली म्हणून नाराज झाले. आणि डब्यातली ती अनोळखी वस्तू मिक्सरची. तोही त्याच रविवारी उघडला होता.

तेव्हा मंडळी, घरी दुरुस्ती करा, खुशाल करा. मला त्यात फायदाच आहे. फक्त टॅपेटला हात लावाल तर इंजिन गार होऊ द्या, पुस्तिकेत दिलेली फट फीलर गेज घालून मोजा, आणि डबा रिकामा झाल्याशिवाय बोनेट लावू नका.