डब्याचा पूर्वाश्रम

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे दौंड-मनमाड लोहमार्गावरील गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते, आणि ज्या मुलखात दुभती जनावरे दावणीला असतात तेथे त्यांना पाजण्याच्या पातळ कॅल्शियमचे पाच लिटरचे कॅनही घरोघरी असतात, हे ओघानेच आले. कॅल्शियम गाईच्या पोटात जाते, कॅन मात्र घरातच राहतो. कारण झाकण घट्ट बसणारा, मूठ शाबूत असलेला आणि कोठेही न गळणारा कॅन भंगारात घालणे हा मराठी गृहिणीच्या लेखी उधळेपणाचा कळस होय. तो स्वच्छ विसळून रानात पाणी नेण्याच्या कामी लावला जातो. अडचण एवढीच, की त्याच्या दर्शनी भागावर भरल्या कासेची, अत्यंत समाधानी मुद्रेची एक काळीपांढरी गाय चिकटलेली असते आणि पाणी पिणाऱ्या प्रत्येक मजुराला दूधवाढीचे आश्वासन देत राहते. संन्याशाच्या संन्यासापूर्वीच्या आयुष्याला पूर्वाश्रम म्हणतात आणि त्याची वाच्यता करू नये असा संकेत आहे. डब्याने हा संकेत कधीही पाळलेला नाही.

या निष्ठेचे मूळ गोंदात आहे. आजची बहुतेक लेबले केवळ दाबाने चिकटणाऱ्या, म्हणजे पाणी, उष्णता वा ओलावा न लागता बोटाच्या दाबाने पकड घेणाऱ्या चिकटद्रव्यावर चालतात. अशा लेबलांचा व्यवसाय अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे स्टॅन एव्हरी यांनी 1935 मध्ये सुरू केला. हे द्रव्य वाळत नाही, हेच त्याचे मर्म. ते घन आणि द्रव यांच्या सीमेवर वास्तव्य करते : सावकाश ओढले तर ओघळल्यासारखे सुटते, हिसका दिला तर घट्ट होऊन प्रतिकार करते. म्हणून घाईने ओढलेल्या लेबलाचा वरचा गुळगुळीत पापुद्रा हातात येतो आणि खालचा पांढरा, लवदार कागद डब्यालाच राहतो. वास्तविक पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकांना काहीही सहजासहजी चिकटत नाही. परंतु कारखान्यात त्यांच्या पृष्ठभागावरून ज्योत फिरवून किंवा विजेचा मारा करून तो चिकटण्यालायक बनवला जातो, आणि कारखान्याने एवढे कष्ट घेतल्यावर गृहिणीच्या नखाचा पाड लागत नाही.

नखानंतर क्रम येतो पाण्याचा. पाण्याने कागद भिजतो व चोळला असता त्याच्या वळ्या निघतात, पण गोंद जागच्या जागी राहतो. मग तारेची घासणी हाती घेतली जाते, ही सर्वांत मोठी चूक. कारण तिने प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि गोंद त्यांत मुक्कामाला जातो. दोन दिवसांनी त्या जागी बाजारतळाची धूळ बसते आणि जेथे लेबल होते तेथे त्याच्याच मापाचा, कडा अगदी काटेकोर असलेला काळा चौकोन उमटतो, जो मूळ लेबलापेक्षा लांबून दिसतो.

यावर उपाय तेलाचा. गोंद तेलाच्या जातकुळीचा असल्याने शेंगतेल किंवा खोबरेल त्यात मुरते, त्याला फुगवते आणि त्याची पकड सैल करते; मात्र त्यासाठी तेल लावून तास-दोन तास डब्याकडे पाठ फिरवावी लागते, आणि हीच गोष्ट कोणाला जमत नाही. लेबल प्लास्टिकच्या पापुद्र्याचे असेल तर तेल त्यातून झिरपत नाही, म्हणून आधी तो पापुद्रा काढणे भाग असते. त्यानंतर कोरड्या फडक्याने पुसून साबणाने धुतले, की काम झाले. रॉकेलनेही हेच साधते, पण ज्या डब्याला रॉकेल लागले त्यात पुढे पापड ठेवल्यास पाहुणे दुसरा मागत नाहीत. श्रीगोंदा तालुका लिंबांचा, त्यामुळे तेथे लिंबू चोळण्याची सूचना येणे स्वाभाविक आहे. परंतु रस हे आंबट पाणीच, त्याला गोंद भीक घालत नाही. गुण आहे तो सालीत. सालीवरच्या बारीक पुटकुळ्यांतील तेलात लिमोनीन नावाचे द्रव्य असते आणि ते गोंद विरघळवते. थोडक्यात, सरबत करून फेकलेली फोड कामाची आणि जपून गाळलेला रस निरुपयोगी. हेच लिमोनीन थर्माकोलही विरघळवते, याची जाणीव मखराशेजारी बसून डबे पुसणाऱ्याने ठेवावी. उकळते पाणी ओतण्याचा मोहही आवरावा : गोंद नरम होतो खरा, पण पाण्याच्या पातळ बाटलीची कंबर त्याआधीच मोडते.

काही डब्यांपुढे मात्र सर्व शास्त्र हरते. रंगाच्या बादल्यांवर पुष्कळदा लेबल चिकटवलेले नसतेच. बादली साच्यात ओतली जात असतानाच ते आत ठेवून वितळलेल्या प्लास्टिकशी एकजीव केलेले असते. अशा बादलीवर दुपारभर तेल जिरवणाऱ्या व्यक्तीची चिकाटी वंदनीय असली, तरी तेथे सुटण्यासारखे काहीही नसते.

कीटकनाशकाच्या डब्याची गोष्ट वेगळी. त्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने सांगतो, आणि 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे असतात. त्या डब्याचे लेबल सुबकपणे काढणारा हात कितीही कुशल असो, तो घरच्यांवर संकट आणतो. येथे लेबल सुटले नाही तर ते बरेच.

सर्वांत नाजूक प्रकरण किमतीच्या चिठ्ठीचे. लग्नाच्या आहेरात द्यायच्या डब्यांच्या संचावरून ती निघालीच पाहिजे असा आग्रह असतो, आणि ती हमखास अर्धी निघते. रुपयाचे चिन्ह आणि पहिला आकडा उरला, की मांडवातील जाणती मंडळी पुढचे आकडे मनाने भरतात, तेही कधी देणाऱ्याच्या बाजूने नाही. संच पोहोचल्यावर मात्र घेणारे घर तेल, साल, नख यांपैकी कशालाही हात लावत नाही. खोके जसेच्या तसे माळ्यावर जाते; कारण पुढच्या लग्नसराईत आहेर द्यायचा असतो, आणि लेबलासह नवा दिसणारा डबाच पुढे सरकवता येतो.