लाखाला आठशे अडुसष्ट

घरकर्जाचा महिन्याचा हप्ता तोंडी काढून देणारे हप्तेगुरुजी शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात नेमावे लागत नाहीत. ते आपोआप तयार होतात. बहुधा ते जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक असतात, क्वचित सोसायटीचे माजी सचिव. त्यांच्याकडे कोणाची एजन्सी नसते, कमिशन नसते; चहाला मात्र ते नाही म्हणत नाहीत. पाथर्डी, नेवासा, पैठण आणि गेवराई या रस्त्यांना जसजसे प्लॉट पडत गेले, तसतशी त्यांची ओटी गजबजत गेली.

त्यांची सारी विद्या पाठांतराची. वीस वर्षांच्या मुदतीला ८ टक्क्यांनी लाखाला ८३६ रुपये, साडेआठने ८६८, नऊने ९००. "गुरुजी, पंचवीस लाखाला किती बसंल?" असे कोणी विचारले की ते डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि सांगतात, "साडेआठनं एकवीस हजार सातशे." तोवर विचारणाऱ्याच्या मुलाने मोबाईलवर हिशेब केलेला असतो. तिथे २१,६९६ येतात. "तेच की," गुरुजी म्हणतात, "वरचे चार चहाचे धरले."

सरळव्याजवाल्यांशी त्यांचे हाडवैर आहे. या मंडळींच्या हिशेबात पंचवीस लाखांचे वीस वर्षांचे व्याज साडेबेचाळीस लाख होते. त्यात मुद्दल मिळवून २४० महिन्यांनी भागले की हप्ता २८,१२५. हा आकडा ऐकून घर घ्यायला निघालेला माणूस परस्पर एसटी स्टँड गाठतो. बँक शिल्लक मुद्दलावरच व्याज धरते, हे गुरुजी पाटीवर शिकवल्यासारखे समजावतात. पहिल्या हप्त्यात व्याज १७,७०८ आणि मुद्दल ३,९८८, ही फोड मात्र ते जरा हळू आवाजात सांगतात. कारण आतून बाईंचा प्रश्न येतोच: "म्हणजे बावीस हजार भरायचे अन् फिटणार चारच?"

खरे कसब हप्ता बसवण्यात आहे. येणारा माणूस विचारायला येत नाही. त्याने आकडा मनात धरलेला असतो आणि प्लॉटचा इसारही दिलेला असतो. गुरुजींनी फक्त मान हलवायची असते. हप्ता पगारात मावत नसेल तर ते मुदत ताणतात. साडेआठ टक्क्यांनी लाखाला पंधरा वर्षांत ९८५, वीस वर्षांत ८६८, तीस वर्षांत ७६९. शेवटच्या पायरीला हप्ता ९९ रुपयांनी उतरतो आणि दहा वर्षे वाढतात. उतरलेले रुपये सगळ्यांना ऐकू जातात. शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, अशी शंका निघालीच तर मुलाला सहकर्जदार करायचे ठरते. मुलाला न लागलेल्या नोकरीचा पगार गुरुजी हिशेबात धरतात; बँक धरत नाही.

ऊसवाल्या शेतकऱ्यापुढे मात्र त्यांचे पाठांतर अडखळते. "बिल आल्यावर एकदम भरलं तं?" असा त्याचा साधा सवाल असतो. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. हप्त्याची तारीख आदेशावर धरायची की अनुभवावर, यावर गुरुजी टोपी सरळ करतात.

हप्त्याबाहेरच्या खर्चात त्यांना गोडी नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के देऊ शकते, उरलेले घरचे. मुद्रांक आणि नोंदणी आणखी वेगळी. "प्लॉट एनए (बिगरशेती) आहे ना?" हा पहिला प्रश्न ते सर्वांत शेवटी विचारतात आणि कित्येकदा अख्खा हिशेब तिथेच कोसळतो.

दर उतरले की गुरुजींचा दुसरा हंगाम सुरू होतो: कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागली. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी महाग कर्जे घेऊन बसलेल्यांनी ओटीवर रांग लावली. समजा, शिल्लक १८ लाख, उरलेली वर्षे पंधरा, दर सव्वानऊ, हप्ता १८,५२५. नवी बँक सव्वाआठने, पण पुन्हा वीस वर्षांसाठी देते, हप्ता १५,३३७. महिन्याला ३,१८८ वाचले! पेढे आणायला पोरगा धावतो. एकूण भरणा मात्र सुमारे ३ लाख ४६ हजारांनी वाढलेला असतो. पंधराच वर्षे ठेवली तर हप्ता १७,४६३, म्हणजे बचत १,०६२. तीही प्रोसेसिंग फी आणि नव्या गहाणाचा मुद्रांक वजा जाण्याआधीची. एवढ्याला कोणी पेढे आणत नाही.

आहे त्याच बँकेत अर्ज देऊन, थोडी फी भरून दर उतरवून घेता येतो का, हे आधी विचारावे, असेही गुरुजींना ठाऊक असते. पण त्यात आकडेमोडीला वाव नसल्याने ते हे चप्पल घालून निघालेल्या माणसाला सांगतात.