दोघींना पुरतं का हो दूध?

गडग्याला टेकू नका हो वहिनी, कालच्या पावसात वरचा चिरा हललाय. या अशा, फणसाच्या बाजूला या, तिथे पागोळ्या लागत नाहीत. काय, आक्कांकडे जाऊन आलात? जुळ्या बघितल्यात? आणि विचारलंतही? झालं! ‘दोघींना पुरतं का हो दूध?’ तुम्ही धरून अख्खी आळी हेच विचारून गेली. परवा पोस्टमन टपाल देता देता विचारून गेला म्हणे. आक्कांची लेक आधी बरी हसतखेळत होती. आता दर पाजण्यानंतर छाती चाचपते आणि मला विचारते, ‘मामी, संपलं का हो?’

रागावू नका. पण माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, म्हणून बोलते. पुरतं. बहुतेक जणींना पुरतं. तुमच्या नणंदेची खानावळ आहे ना स्टँडजवळ? डबे चाटूनपुसून परत आले की ती दुसऱ्या दिवशी मूठभर तांदूळ जास्तच टाकते, भात उरून आला की हात आखडते. दुधाचं तसंच आहे. बाळ ओढायला लागलं की प्रोलॅक्टिन सुटतं, त्याने दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने पान्हा फुटतो. आणि आतलं दूध बाहेर निघालंच नाही, तर अंग आपोआप कमी बनवायला लागतं. आक्कांच्या लेकीकडे ओढणारी तोंडं दोन, तेव्हा मागणीही दुप्पट.

अडतं ते सुरुवातीला. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्माला येतात. या पस्तिसाव्याला आल्या, त्यात सिझर. थोरली २ किलो ३००, धाकटी जेमतेम १ किलो ८००. एवढ्याशा जिवाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एका लयीत जमायला हवं ना! धाकटी चार घोट घ्यायची आणि झोपून जायची. आक्का म्हणायच्या, पोट भरलं तिचं. पोट कसलं भरतंय, दमायची ती! मग हाताने दूध काढायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. मी म्हटलं, आक्का, माळ्यावरचं बोंडलं काढा, उकळून घ्या. बाटली मात्र आणू नका म्हटलं, तिची सवय लागली की अंगावर ओढायचा कंटाळा करतात कधीकधी. आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवायचं, कांगारूसारखं. त्याने बाळ ऊबदार राहतं, वजन धरतं आणि दूधही लवकर उतरतं.

आता यातली खरी गंमत ऐका. आक्कांनी पहिल्या दिवसापासून वाटणी करून टाकली होती: डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. भांडण नको म्हणे! वाटणी वाईट नाही, पुष्कळ जणी तशीच करतात. पण दोन्ही बाजू आपापला हिशेब वेगळा ठेवतात. थोरली दांडगी, तिने डावी बाजू भरभरून वाहती ठेवली. धाकटी नाजूक, म्हणून उजवीला मागणीच कमी, म्हणून दूध कमी, म्हणून धाकटी आणखी किरकिरी. आठवडाभर सगळे म्हणत होते, धाकटीला दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मी म्हटलं, ओवाळा खुशाल, पण उद्यापासून बाजू बदला. आज थोरली डावीकडे, उद्या उजवीकडे. थोरलीने उजवी बाजू चालती केली आणि धाकटीला आयती वाहती बाजू मिळाली.

त्याहून बेस म्हणजे दोघींना एकदम घेणं. पान्हा काही एका बाजूला फुटत नाही, दोन्हीकडे एकदम फुटतो. थोरली तिकडे जोर लावते आणि इकडे धाकटीच्या तोंडात दूध आपसूक येतं. बहिणीच्या कष्टावर जेवते लबाड! बसायचं कसं ते सांगते, तुमच्या भाचीचे दिवस भरत आलेत ना, उपयोगी पडेल, एक असलं तरी. दोन्ही काखांत दोघी घ्यायच्या, पाय मागे भिंतीकडे, डोकी पुढे, मानेखाली आईचा तळवा. मांडीवर आणि दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या घड्या रचायच्या, म्हणजे बाळं छातीच्या उंचीला येतात आणि आईला वाकावं लागत नाही. पोटाच्या टाक्यांवरही भार पडत नाही. आक्कांच्या यजमानांनी दिवाणखान्यातले लोड आणून दिले. आयुष्यात पहिल्यांदा त्या लोडांचा कोणाला उपयोग झाला.

रात्रीवरून मात्र माझी आणि आक्कांची जुंपली. त्यांचं म्हणणं, झोपलेलं मूल उठवू नये, आणि रात्री एकदा वरचं दूध पाजून लेकीला झोपू द्यावं. त्यांची माया कळते मला. पण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. त्या वेळचं पाजणं सुरुवातीलाच बंद केलं, तर दिवसाचं दूधही कमी व्हायला लागतं. आणि जुळ्यांत एकीला भूक लागली की दुसरीलाही हलवून उठवायचं. नाहीतर एक झोपते तोवर दुसरी उठते आणि आईची रात्र तशीच उजाडते. मी सांगितलं, लेकीने फक्त पाजायचं. उचलून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत पाळण्यात घालणं हे तुम्ही करा. आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. मग एका रात्री झोपेच्या गुंगीत थोरलीलाच दोनदा पाजलं गेलं आणि धाकटी उपाशी कोकलत राहिली, तेव्हा मला हाक मारली. आता थोरलीच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या आहेत, धाकटीच्या पायात लाल दोरा, आणि कॅलेंडरच्या मागे आजोबा खुणा करतात, कोण कधी प्यालं, कोणी कितींदा शू केली. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना एवढं महत्त्वाचं काम कोणी दिलं नव्हतं.

पुरतंय का नाही ते कळायला चाचपायला नको की पिळून बघायला नको. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-आठ लंगोट ओले व्हायला हवेत. जन्मानंतर थोडं वजन उतरतं, ते साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून यायला हवं. एवढं झालं की निश्चिंत. रडणं हा पुरावा नव्हे, रडायला त्यांना सतरा कारणं असतात. आणि मध्येच एखाद दिवशी दोघी तासातासाला मागायला लागतात, तेव्हा दूध आटलं म्हणून घाबरायचं नाही. वाढीच्या भरात असतात त्या, मागणी वाढवून घेतात.

जावईबापूंचं ऐकलंत का? पुण्याहून आले ते पावडरचा डबा घेऊन. भला माणूस, काळजीपोटी आणला. पण दुकानदाराला विचारत होते, ‘यावर बाळाचं चित्र कसं नाही? हा लहान मुलांचाच ना?’ अहो, चित्र छापायला बंदी आहे. १९९२चा कायदा आहे, २००३ साली आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा खाण्याची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, आणि आईचं दूध सर्वोत्तम असं डब्यावर छापावंच लागतं. जावईबापूंनी ते वाचलं आणि डबा परत पिशवीत घातला. तो काही विषाचा डबा नाही हो. डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं, तर द्यावं लागतं, आणि अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं पिऊनही पोरं छान वाढतात. अशा आईला नावं ठेवणाऱ्या बायकांचा मला भारी राग आहे. मोठ्या शहरात त्याआधी आणखी एक सोय असते, दुधाच्या पेढीची. मुंबईला शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली ती सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांची तपासणी करून दूध घेतात, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात.

खाण्याचं म्हणाल, तर अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपू, खसखशीची खीर, सगळं चालू आहे. खाऊ दे. अळिवात लोह आहे, खोबरं-गुळात ताकद आहे, आणि जुळ्यांच्या आईला भूक राक्षसासारखी लागते. बंदरावर बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात, तेही चांगलंच. पण लाडवाने दूध येतं आणि लाडू चुकला की आटतं, असं नाही. आक्कांनी तिची डाळ बंद केली होती, पाणीही मोजून. ते मी मोडून काढलं. पाजायला बसली की शेजारी तांब्या-भांडं भरून ठेवायचं. बाळांना मात्र सहा महिने पाण्याचा थेंब नको, गुटी नको, आणि मध तर वर्षभर नकोच. सहाण-गुटीवरून आक्का अजून धुसफुसतात, ते चालायचंच.

लेकीची रजा सव्वीस आठवडे आहे. एक मूल असो की दोन, तेवढीच. कामावर गेल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात. दोन बाळं, दोन सुट्ट्या, म्हणजे वाट्याला एकेक! कायदा करणाऱ्यांच्या घरी जुळं नसणार.

तर आता तुम्ही काय करायचं ते सांगते. सकाळी अकराला मी जाते तिथे, तुम्ही चारला जात जा. जाताना भाजी-भाकरीचा डबा न्या, आक्कांनाही रांधायला उसंत नाही. हात धुवून थोरलीला खांद्यावर घ्या, ढेकर काढा, तिच्या आईला तासभर आडवी होऊ दे. आणि वहिनी, दुधाचं पुन्हा विचारू नका.