एक जूनची पोरं

माझा वाढदिवस 1 जूनला येतो. म्हणजे कागदावर येतो. आईच्या सांगण्यानुसार मी जन्मलो तेव्हा बेंदूर दोन दिवसांवर आला होता आणि वाड्याची मागची भिंत पावसानं खचली होती. वडील मला शाळेत घेऊन गेले तेव्हा हेडमास्तरांनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला टेकली, प्रवेश झाला. मग त्यांनी जन्मतारीख विचारली. वडील म्हणाले, ‘‘बेंदराच्या आगंमागं.’’ रजिस्टरात बेंदराचा रकाना नसल्यामुळे हेडमास्तरांनी 1 जून लिहिलं. माझ्या आधीच्याचं तेच लिहिलं होतं, नंतरच्याचंही तेच लिहिलं. अशा रीतीनं अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला आणि पुढं एकाच दिवशी निवृत्त झाला. दरवर्षी 31 मेला महाराष्ट्रात हजारो सरकारी नोकर एका झटक्यात घरी जातात, त्यामागं अशा हेडमास्तरांचा हात आहे आणि आमचे कान आहेत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चिरंजीवांचा बेंगळुरूहून आलेला फोन. ‘‘बाबा, ॲडमिशनचं चाललंय, तुम्ही आणि आई या.’’ मला वाटलं, पुन्हा एमबीए वगैरे करतोय. नोकरी गेली की मुलं हल्ली तसं करतात. तर ॲडमिशन नातवाची होती. नातू तेव्हा सव्वादोन वर्षांचा. त्याला शब्द तसे थोडेच येतात, पण ‘नको’ तीन भाषांत येतं : नको, बेडा आणि नो. शिक्षण पुरेसं झालंय असं माझं प्रामाणिक मत होतं. तरी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली आणि सकाळी बेंगळुरूत उतरलो.

एचएसआर लेआउटमधल्या त्या फ्लॅटमध्ये भिंतीवर पूर्वी डोंगराचं चित्र होतं. आता तिथं तक्ता होता. शाळेचं नाव, फॉर्म कधी निघतो, कधी बंद होतो, घरापासून अंतर, गर्दीच्या वेळेचं अंतर (हे वेगळं मोजतात), नोंदणीचे पैसे, त्यातले परत न मिळणारे पैसे. शेवटचा रकाना ‘ओळख’ असा होता आणि तो सगळ्या ओळींत रिकामा होता. माझ्याकडे आशेनं पाहिलं गेलं. मी म्हणालो, माझी ओळख मिरज पंचायत समितीपर्यंत चालते.

अडचण मात्र ओळखीची नव्हती, तारखेची होती. नातू जन्मला 4 जून 2023 रोजी. कर्नाटक सरकारनं जुलै 2022 मध्ये हुकूम काढला, की पहिलीत बसायचं तर 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. त्याआधी 5 वर्षं 5 महिन्यांत काम भागत होतं. हुकुमानंतर ओरड झाली, मग ठरलं की अंमल 2025-26 पासून करू. 2025-26 उजाडलं तेव्हा पुन्हा ओरड झाली, कारण मधल्या काळात शाळांनी जुन्या हिशेबानं एलकेजी-यूकेजी भरून टाकली होती आणि ती पोरं यूकेजीचं प्रमाणपत्र घेऊन दारात उभी होती. एप्रिल 2025 मध्ये शिक्षणमंत्री मधु बंगारप्पा यांनी त्या एका वर्षापुरतं पुन्हा 5 वर्षं 5 महिने केलं, आणि पुढच्या वर्षापासून सहा म्हणजे सहा, असं तेव्हाच सांगून ठेवलं. पोरांचं वय आपल्या गतीनं वाढत होतं. सरकारचं मात्र कमीजास्त होत होतं.

पहिलीला सहा, म्हणून यूकेजीला पाच, एलकेजीला चार, नर्सरीला तीन असं शाळा उलटं मोजत येतात. 1 जून 2026 रोजी आमचा नातू 2 वर्षं 11 महिने 28 दिवसांचा भरतो. तीन दिवसांनी एक अख्खं वर्ष गेलं. सूनबाईंनी बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न आठवून डोळ्याला पदर लावला (ओढणी होती, पण प्रसंग पदराचाच होता). ‘‘त्या म्हणाल्या होत्या, सिझेरियनच आहे, आधीची कुठलीही तारीख घ्या. तुम्हीच म्हणालात, चार जूनला पौर्णिमा आहे.’’ मी खिडकीबाहेर बघितलं. ट्रॅफिक होतं.

कान धरायला लावला असता तर? मी गुपचूप लावून पाहिला. बोटं कपाळापर्यंत येतात. तीन वर्षांच्या मुलाचा हात कानापर्यंत पोहोचतच नाही, ती परीक्षा सहा वर्षांच्या आसपासच्या पोरासाठी होती. हेडमास्तर अडाणी नव्हते. आणि साहेब, त्या परीक्षेला फॉर्म नव्हता.

तर नर्सरी हुकली. पण नर्सरीच्या अलीकडे प्री-नर्सरी असते. तिच्या अलीकडे टॉडलर. त्याच्याही अलीकडे ‘आई आणि बाळ’ नावाचा एक वर्ग असतो, त्यात आईला पैसे भरून स्वतःच्या बाळाशी खेळता येतं. मिरज जंक्शनवर गाडीला मागं डबे जोडत जावेत तसं हे शिक्षण मागं मागं जोडत नेलंय. इंजिन कुठं आहे ते आता प्रवाशाला दिसत नाही. यातल्या प्री-नर्सरीसाठी एका शाळेनं आम्हाला शनिवारी सकाळी 10 वाजून 20 मिनिटांची वेळ दिली. मुलाखत नव्हे. मुलाखत म्हटलं की तिथल्या बाई दचकतात. त्याला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात.

दचकायचं कारण कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्यांदा 25 हजारांपर्यंत दंड, पुढं दर खेपेला 50 हजारांपर्यंत. वाचून मला उमाळा आला. पण चिरंजीव सॉफ्टवेअरवाले, ते व्याख्या आधी वाचतात. त्या कायद्यात ‘मूल’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2013 मध्ये याच आधारावर सांगितलं, की नर्सरीच्या सर्वसाधारण जागांना हा कायदा लागू नाही. सहा वर्षांच्या घोड्याला प्रश्न विचारलात तर दंड, आणि लंगोट नुकताच सुटलेल्याला खुशाल विचारा, कारण तो अजून कायद्यानं मूल झालेला नाही. मग तो काय आहे? शाळेच्या भाषेत तो ‘प्रॉस्पेक्ट’ आहे.

दिल्लीकरांनी तर यात शास्त्र उभं केलं होतं. तिथल्या सरकारनं जानेवारी 2016 मध्ये खासगी शाळांचे 62 निकष रद्द करायचा हुकूम काढला, तेव्हा जगाला यादी कळली : आईबाप काय शिकलेत, सिगारेट ओढतात का, मांसाहार करतात का. हुकूम पुढं कोर्टात अडकला, पण यादी वाचून मला बरं वाटलं. मुलाच्या लग्नाआधी पत्रिका बघायची आपली पद्धत तरी आकाशातल्या नऊ ग्रहांवर थांबत होती. इथं बासष्ट.

शनिवारी आम्ही गेलो. आईबाप आणि प्रॉस्पेक्ट आत, आजीआजोबा बाहेर. बाहेर आम्ही अकरा म्हातारे होतो : हुब्बळ्ळी, सेलम, ओंगोल, लखनौ. प्रत्येकाच्या मांडीवर डबा. हुब्बळ्ळीच्या गृहस्थांशी माझं मोडक्या कानडीत सूत जुळलं, मिरजेचं पाणी काही वाया जात नाही. मी एक जूनची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, ‘‘नंदूनू जून ओंदु री.’’ त्यांचाही एक जून. त्यांच्या हेडमास्तरांनाही तीच तारीख आवडत होती. मराठी-कन्नड सीमेवर गेली सत्तर वर्षं भांडण आहे, पण खरी जन्मतारीख दोन्हीकडं सारखीच बुडालेली आहे.

आत काय झालं ते सूनबाईंनी गाडीत सांगितलं. नातवाला रंगीत ठोकळे दिले, त्यानं एक तोंडात घातला. हे अपेक्षित असतं. मग बाईंनी चिरंजीवांना विचारलं, तुमची पालकत्वाची शैली कोणती? चिरंजीव गडबडून म्हणाले, ‘‘अजाईल. दर दोन आठवड्यांनी आढावा घेतो.’’ सूनबाई म्हणाल्या, प्रेमळ. बाईंनी दोन्ही लिहून घेतलं. मग स्क्रीन टाइम किती, घरी मदतनीस कोण, दोघांच्या नोकऱ्या कुठल्या, आणि अगदी सहज, राहता ते घर स्वतःचं की भाड्याचं. नातवाला एकच प्रश्न विचारला : पुन्हा येशील का? तो म्हणाला, ‘‘बेडा.’’ राज्यभाषेत बोलला म्हणून गुण मिळाले असतील, अशी आम्ही एकमेकांची समजूत घातली.

भाषेवरून आठवलं. फॉर्ममध्ये ‘मातृभाषा’ असा रकाना होता. मी पेन उचललं तर चिरंजीव म्हणाले, थांबा, विचार करू. यात विचार कसला? पण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 मे 2014 रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलंय, की मुलाची मातृभाषा कुठली हे पालकांनी ठरवायचं. आईच्या दुधाबरोबर येते ती नव्हे, फॉर्मबरोबर येते ती. शेजारच्या फ्लॅटमधल्या बंगाली जोडप्यानं इंग्रजी लिहिली म्हणे. आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली आणि मराठी तीनास एक मतांनी निवडून आली. विरोधी मत कुणाचं ते सांगत नाही, पण तो मिरजेत मराठी शाळेतच शिकलाय.

शिक्षण हक्क कायद्यातल्या गरिबांच्या पंचवीस टक्के जागांचं काय, असं मी विचारलं. आम्ही त्यांत बसत नाही, पण पंचायत समितीची सवय. तर कर्नाटकानं 2019 मध्ये नियम बदलला, की जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं ती पोरं घ्यायला नकोत. बेंगळुरूत सरकारी शाळा जवळपास असतेच, तिच्यात कुणी जात नसलं तरी. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये हेच धोरण उचललं. बेळगाववर एकमत झालं नाही, कृष्णेच्या पाण्यावर झालं नाही, अलमट्टीच्या उंचीवर झालं नाही, पण गरिबाचं पोर शेजारच्या बाकावर नको यावर दोन्ही राज्यांचं एकमत झालं. मुंबई उच्च न्यायालयानं 19 जुलै 2024 रोजी महाराष्ट्राचा तो बदल रद्द करून ही एकात्मता मोडली.

पाळणाघराचं फार सांगत नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसांच्या कचेरीला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा दिली. सूनबाईंच्या कंपनीची सोय कचेरीपासून तीन सिग्नलवर आहे. बेंगळुरूचे तीन सिग्नल गुणिले जाऊन-येऊन गुणिले चार हे गणित मी केलं. आई सगळा दिवस बाळाकडं जाण्यात असते.

आता मूळ गोष्ट. नंतर एका दुपारी नातवाला घेऊन फिरायला निघालो. लेआउट संपतो तिथं जुनं गाव उरलंय, मारुतीचं देऊळ, म्हशी, आणि एक पिवळी खोली. आतून पोरांचा आवाज येत होता म्हणून डोकावलो. अंगणवाडी. हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे आणि त्याचं मला भलतंच कौतुक वाटलं, कारण माल आपला आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ह्या बायकांनी मुलांची परीक्षा घेतली नाही, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढं 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारनं अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना आणली, आणि कर्नाटकात तिची सुरुवात म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला झाली. शाळा मुलाच्या दारात जायची, ती कल्पना होती. एचएसआर लेआउटनं ती पालथी घातली, इतकंच.

आतल्या बाईंनी मला पाहिलं, नातवाला पाहिलं. त्याच्या हातात एक उकडलेलं अंडं ठेवलं. त्यानं ते तोंडात घातलं. इंटरॅक्शन संपलं. नाव विचारलं, वय विचारलं. मी धीर करून तीन दिवसांची अडचण सांगितली. त्यांना ती कळलीच नाही. म्हणाल्या, ‘‘नाळे कळिसि.’’ उद्या पाठवा.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चिरंजीव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘‘बाबा, तिथं आमच्या सोसायटीतलं एकही पोर जात नाही,’’ म्हणाले. हेच कारण हुब्बळ्ळीच्या गृहस्थांच्या जावयानंही दिलं असणार, आणि ओंगोलच्याही. सगळे एकमेकांच्या पोरांची वाट बघत रांगेत उभे आहेत. रात्री शाळेचा मेल आला : प्रतीक्षा यादीत क्रमांक 43.

म्हणून मी एक अर्ज लिहिला आहे. कर्नाटकाचे शिक्षणमंत्री आणि मिरजेचे गटशिक्षणाधिकारी, दोघांनाही प्रत पाठवतो. अर्जदाराकडे दोन जन्मतारखा आहेत. एक बेंदराच्या आगंमागंची, ती खरी आहे आणि अर्जदारास उरलेल्या आयुष्याला पुरेशी आहे. दुसरी 1 जून, ती एका हेडमास्तरांच्या कृपेनं मिळालेली, वापरलेली पण सुस्थितीतली, निवृत्तीनंतर पडून आहे. ती नातवाच्या नावे करून मिळावी, ही विनंती. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आहे.