शेठचा विरोधी पक्ष

एखाद्या म्हाताऱ्या रॉक बँडचे शेवटचे अल्बम पहिल्यांपेक्षा सरस आहेत, असं ज्याला ठासून म्हणायचं असेल त्याने पुण्यात राहावं. तिथे ‘छे, खरं ते सत्तरच्या दशकातलं, पुढे नुसतं पोटापाण्याचं’ म्हणणारा दुसरा माणूस कुठल्याही टपरीवर चहाबरोबर फुकट मिळतो. आमच्या सोनपेठात तो मिळत नाही. इथे पहिलंच कुणी ऐकलेलं नाही, तर शेवटच्याची बाजू लढवायची कुणापुढे? आमच्या शेठचं सगळं दुखणं हे आहे.

शेठचं कृषी सेवा केंद्र आहे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, खिशाला कीटकनाशकाच्या कंपनीचं पेन. काउंटरवर पॉस मशीन, त्याच्याशेजारी ब्लूटूथ स्पीकर आणि दोन्हींवर खताची सारखीच धूळ. बँड म्हणजे डीप पर्पल. पण ही जात एका बँडपुरती नाही. कुणाची आयर्न मेडन असते, कुणाची स्कॉर्पियन्स, मुंबईकडच्या एखाद्याची आपल्या महेश तिनईकरांची इंडस क्रीडही असते, आणि तो २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ तुमच्या हातात कोंबल्याशिवाय राहत नाही. लक्षणं मात्र सगळ्यांची एकच. अल्बम ‘आवडला’ असं हे लोक कधी म्हणत नाहीत, तो त्यांना ‘उलगडतो’. तुम्ही नाक मुरडलंत की विचारतात, ‘हेडफोन लावून ऐकलात का?’ हो म्हणालात तर, ‘किती वेळा?’ दोनदा म्हणालात तर, ‘तिसऱ्यांदा ऐका.’

शेठ इंजिनिअरिंगला औरंगाबादला होते. होस्टेलवर कॉपीच्या कॉपीची कॉपी केलेली कॅसेट फिरायची. त्यात गिटार कुठे संपते आणि खरखर कुठे सुरू होते, हे तिसऱ्या वर्षापर्यंत कुणालाच कळलं नव्हतं. ८ एप्रिल १९९५ ला डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले. गिटारवाला रिची ब्लॅकमोर सोडून गेला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि १९९६ साली ‘पर्पेंडिक्युलर’मध्ये आलेल्या गाण्यांपैकी एकदोन त्यांनी अल्बमच्या आधीच मुंबईत वाजवून दाखवली. म्हणजे उत्तरार्धाची नांदी महाराष्ट्रात झाली, असं शेठ सांगतात. आणि सांगताना हात असा पसरतात, की समोरच्याला वाटावं ती सोनपेठच्या बसस्टँडवरच झाली. स्वतः ते गेले नव्हते. मॅथ्स थ्री राहिलं होतं. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं. ते शेठ आजही गणिताच्या पेपराला बसल्यासारखा चेहरा करून बघतात.

पुढे डिग्री, वडिलांचं दुकान, लग्न, पोरं, न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारी. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला तो तुटलाच. मग २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झालं आणि शेठनी मागे राहिलेली सगळी थकबाकी रात्रीरात्री बसून वसूल केली. १९९८ चा ‘अबँडन’, २००३ चा ‘बनानाज’, मग ‘रॅप्चर ऑफ द डीप’, मग ‘नाऊ व्हॉट’. इतरांच्या देखत बँड वीस वर्षांत म्हातारा झाला. शेठच्या देखत तो सोयाबीन फुलावर येईपर्यंत झाला. मध्येच लाईट जायची. आमच्या तालुक्यात खडक्याला गोदावरीवर बंधारा आहे, त्याचं पाणी परळीच्या औष्णिक केंद्राला जातं. वीज आमच्या पाण्यावर होते आणि जाते मात्र आम्हालाच न विचारता. शेठ म्हणतात, ‘रॅप्चर’ हा अल्बम त्यांना अंधारातच उलगडला. मला तो उजेडातही उलगडलेला नाही, पण ते असो.

त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो, हे मान्य केलं पाहिजे. १९७२ चा ‘मशीन हेड’ म्हणजे खरीप, पाऊस आला की कुणाचंही उगवतं. नंतरचे अल्बम म्हणजे रब्बीची ज्वारी. वरून थेंब नाही, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर काढायची. गायक गिलनची ती वरच्या पट्टीतली किंकाळी गेली, तेव्हा तो पहिल्यांदा शब्द नीट उच्चारायला लागला. २००२ साली जॉन लॉर्डने ऑर्गन सोडला आणि डॉन एरीने धरला. २०१२ ला लॉर्ड वारला, आणि पुढच्याच वर्षी ‘नाऊ व्हॉट’ आला, त्याला अर्पण केलेला. निर्माता बॉब एझ्रिन, पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’वाला. ‘लोक कार्य उरकून घरी जातात,’ शेठ म्हणतात, ‘ह्यांनी तेराव्यानंतर दुकान उघडलं.’

हे सगळं बोलायला समोर विरोधक पाहिजे. तो नसल्यामुळे शेठनी तो स्वतःच तयार करायला घेतला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम.

पद्धत त्यांनी धंद्यातूनच उचलली. खताच्या धंद्यात लिंकिंग म्हणून एक प्रकार असतो: युरिया पाहिजे तर नको असलेली बाटलीही घ्या. शेठनी युरियाला ‘मशीन हेड’ लावला. अनुदानाचं खत पॉस मशीनवर अंगठा लागल्याशिवाय देता येत नाही, आणि ऐन जूनमध्ये सर्व्हर हमखास झोपतो. तेवढ्या वेळात शेठ माँत्रच्या कॅसिनोची आग सांगून घेतात: डिसेंबर १९७१, फ्रँक झापाचा कार्यक्रम, प्रेक्षकांतून कुणीतरी सोडलेला फ्लेअर, तळ्यावर पसरलेला धूर, मग बंद असलेल्या हॉटेलच्या बोळकांडीत गाद्या लावून केलेलं ‘मशीन हेड’चं रेकॉर्डिंग. शेतकरी अंगठा पुसून पुन्हा लावतो, पुन्हा पुसतो. हेतू एवढाच, की आधी सगळ्यांना १९७२ आवडावं. एकदा सगळे त्या बाजूला गेले की दसऱ्यानंतर शेठ उत्तरार्ध घेऊन तुटून पडणार.

पहिला अडथळा साल निघालं. ‘बहात्तर म्हणजे सोनं’ असं शेठ म्हणाले आणि रांगेतले एक आजोबा उसळले. ‘कशाचं सोनं? लाल मिलो खाल्ली आम्ही त्या दुष्काळाच्या साली. खडी फोडली. सुकडीवर दिवस काढले.’ बहात्तर वाईटच होतं, असं शपथेवर सांगणारा गावात पहिल्यांदा कुणीतरी भेटला. शेठला आनंद व्हायला हवा होता. पण विरोधक हवा असताना समर्थक मिळाला, म्हणून ते खट्टू झाले.

मेडिकलवाल्यांना त्या आगीवरच्या गाण्याचे फक्त सुरुवातीचे बारा सूर आवडले. ते त्यांनी रिंगटोनला लावले आणि मत देण्याच्या भानगडीत पडले नाहीत. भजनी मंडळाच्या पेटीवाल्या महाराजांनी मात्र डोळे मिटून दोन्ही काळ ऐकले. गंगाखेड, म्हणजे जनाबाईंचं गाव, जवळच, त्यामुळे ह्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा. ते म्हणाले, ‘पहिला पेटीवाला अंगावर येतो. दुसरा साथ करतो. पण माईक गवयापेक्षा गिटारवाल्याला जास्त कामून दिलाय?’ ह्यावर शेठकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं बॉब एझ्रिनकडेही नसावं.

खरा विरोधक झाला तो आयटीआयचा एक मास्तर. वर्षभर मन लावून ऐकून तो एके दिवशी म्हणाला, ‘शेठ, बहात्तरनंतर काही राम नाही.’ त्या दिवशी शेठनी आख्ख्या रांगेला चहा पाजला. पुढे रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून भांडण चालायचं; दोघांचेही चेहरे खुलले होते. पण मास्तर पडला अभ्यासू. त्याने १९७४ चा ‘बर्न’ शोधून काढला आणि आता म्हणायला लागला, गिलन आधीही नको, नंतरही नको, त्यातला गायक डेव्हिड कव्हरडेलच खरा. शेठनी दोन बाजूंची तयारी केली होती. तिसऱ्या आघाडीसाठी त्यांच्याकडे एकही मुद्दा नव्हता.

आणि मग गोण्या उचलायला ठेवलेला पोरगा. एकोणीस वर्षांचा, अलीकडेच लागलेला. त्यामुळे आगीच्या गोष्टीतून सुटलेला. शेठ तेव्हा २०२४ चा ‘इक्वल्स वन’ लावून होते: गिटारवर नवा सायमन मॅकब्राइड, गिलनचं वय अठ्ठ्याहत्तर. पोराने गोणी टेकवली, घाम पुसला आणि म्हणाला, ‘शेठ, हे लई भारीय. मधून मधून ते जुनं कामून वाजवायलात? त्यात तो नुसता वरडायलाय.’

शेठ हे वाक्य इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला तरसले होते. मला वाटलं, आता ह्याचा पगार वाढणार. शेठनी स्टॉक रजिस्टर मिटलं, चष्मा काढला. ‘जुनं? नुसता वरडतो? तू मशीन हेड हेडफोन लावून ऐकलास का रे? किती वेळा ऐकलास? त्या ऑर्गनला हात लावायची लायकी आहे का आजच्या कुणाची?’

रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘मालक, युरिया हाय का नाही तेवढं सांगा.’

‘थांबा ओ जरा,’ शेठ म्हणाले, ‘ह्याला आधी आग कशी लागली ते सांगू द्या.’