मागं फिरली जी!

आमच्या घरी रविवारची पुरवणी माझ्या हाती सगळ्यात शेवटी येते, कारण मी शब्दकोडं बॉलपेनने भरतो. पेन्सिल घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं, असं माझं लग्नाआधीपासूनचं मत आहे, आणि त्या मतापायी 'रामाचा पुत्र (२)' दिसलं रे दिसलं की मी 'लव' असं ठसठशीत लिहून मोकळा होतो, मग उभ्या ओळीतले कुलूप, कुरडई आणि कुटाणा कुशाच्या 'कु'वाचून दिवसभर ताटकळत राहतात. बायको म्हणते, तुम्ही कोडं सोडवत नाही, नासवता.

हे साध्या कोड्याचं. माझ्या धाकट्या मेहुण्याला साध्यात गोडी नाही. तो गूढ शब्दकोड्यांच्या नादी लागलेला. त्यात क्लूचा अर्धा भाग अर्थ सांगतो, अर्धा अक्षरांची फोडाफोडी करतो, आणि एक कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो हे सांगायची पद्धत नाही. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं कोडं छापलं तेव्हा ते सरळ होतं; वाकडं झालं ते इंग्लंडात गेल्यावर. तिथे एडवर्ड पॉइस मॅदर्स नावाच्या गृहस्थांनी हे वाकडेपण कळसाला नेलं आणि टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, म्हणजे स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्माधिकाऱ्याचं. आमचा मेहुणा निदान स्वतःच्या नावाने छळतो.

तर या मेहुण्याने डिसेंबरात मला 'कट्यार काळजात घुसली' या नाटकावर बेतलेलं अख्खं कोडं रचून पाठवलं. वर मोठ्या अक्षरांत नाटकाचं नाव, खाली टीप: एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि भाऊजी, तुमचंच नाटक आहे. हा टोमणा होता. कारण कुणी कट्यारचं नाव काढलं की समोरच्याचा चहा निवेपर्यंत मी सांगत बसतो, की लिहिणारे दारव्हेकर मास्तर आपल्या नागपूरचे, रंजन कला मंदिराचे, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे आणि वाढले नागपुरात, तेव्हा २४ डिसेंबर १९६७ ला नाटक रंगमंचावर आणलं ते नाट्यसंपदेने आणि चाली गोव्याच्या अभिषेकीबुवांच्या, हे कबूल केलं तरी मूळ माल विदर्भाचाच. वसंतराव वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करून गायचे, हे सांगताना तर माझा गळा दाटून येतो. मीही हिशेबखात्यातच होतो. गाणं तेवढं राहिलं.

कोडं खिशात घालून आम्ही तिरोड्याला बायकोच्या मावशीकडे गेलो. चोरखमाऱ्याचं गेट तिथून जवळ, आणि नागझिऱ्याचं अभयारण्य १९७० सालचं, २०१३ पासून तर व्याघ्र प्रकल्पही झाला, तरी आपण अजून तिकडे फिरकलो नाही, हे बायको मला इतकी वर्षं ऐकवत होती. रात्री जेवणं झाल्यावर मी सतरंजीवर कोडं पसरलं. पहिला आडवा क्लू: 'देव संतमंडळीत दडलेला गायक (३)'. देव, संतमंडळी आणि तीन अक्षरं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी 'विठोबा' लिहिलं. विठोबा गातो की नाही, हा प्रश्न मी श्रद्धेवर सोडला. आता त्याचा 'वि' हे एका उभ्या शब्दाचं शेवटचं अक्षर होतं, आणि तिथला क्लू होता 'नेहमी शंकर, तरी गुरूसाठी झुरतो (४)'. नेहमी शंकराची स्तुती करणारा कोण? कालिदास. तो रामटेकचा, म्हणजे पुन्हा आपल्या विदर्भाचा. कालिदास म्हणजे कोण? महाकवि. चार अक्षरं, शेवटी वि! मी दोन मिनिटं स्वतःकडे आदराने पाहिलं.

बायको पांघरुणं घालता घालता वाकून म्हणाली, "अहो, 'महाकवी' दीर्घ असतं. १९६२ च्या नियमांनंतर शेवटची वेलांटी दुसरी." मी म्हणालो, "कालिदास १९६२ च्या आधीचा आहे."

पहाटे अंधारात चोरखमाऱ्याला पोचलो. थंडी अशी की कोडं धरलेला हात खरा की नाही, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं. उघड्या जिप्सीत मागच्या सीटवर मी, स्वेटरवर शाल, शालीवर मावशीची गोधडी. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणजे चोरून उत्तर बघायचीही सोय नाही. गाईड चुणचुणीत होता आणि दरवर्षी गावच्या मंडईला नाटकात काम करणारा निघाला. हा झाडीपट्टीचा मुलूख. धान निघाला की मंडई, शंकरपट आणि रात्र रात्र चालणारी नाटकं. वडसा हे तिथल्या नाटकमंडळ्यांचं ठाणं. गाण्यांशिवाय नाटक ही कल्पनाच इथल्या प्रेक्षकाला पटत नाही. आम्ही शहरातले लोक संगीत नाटक पुण्यतिथीला आठवतो आणि अध्यक्षीय भाषणात ते टिकवायची प्रतिज्ञा करतो. इथे माणसं तिकीट काढून उजाडेपर्यंत बसतात. हे मी गाईडला बरंच समजावून सांगितलं. त्याने "हो जी" म्हणून मान डोलावली आणि मला हळू बोलायला सांगितलं.

तळ्याच्या बाजूने गाडी निघाली. सगळे डावी-उजवीकडे बघत होते. मी खाली. 'लहान झऱ्याला नकार दिला, की खाँसाहेबांची लेक (३)'. त्या लेकीचं नाव माझ्या जिभेवर होतं, आणि तिथून ते काही केल्या उतरेना. मी गाईडला कुजबुजत विचारलं, "लहान झऱ्याला तुमच्याकडे काय म्हणता हो?"

"झरी जी. पिटेझरी, मंगेझरी, हे गेटंच आहेत ना आपले."

झरी, आणि नकाराचा ना. झरीना! मी त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं मला थंडी वाजतेय.

आता आला तो क्लू: 'मांजर मागे फिरली, शेपूट आखडलं, पंडितजींची लेक झाली (२)'. दुसऱ्याही लेकीचं नाव आठवेना. आयुष्यभर मी या नाटकाची तारीख पाठ केली, माणसं राहूनच गेली. मांजर म्हणजे मनी. उलटी केली तर नीम, शेपूट आखडलं तर निम. पंडित भानुशंकर मुलीचं नाव निम ठेवतील असं वाटेना. बोका घेतला तर काबो. एवढ्यात कुठेतरी वानर खाकरलं, चितळ ओरडलं, गाडी थांबली, गाईडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी म्हणालो, "थांब, येतंय."

"आली," गाईड पुटपुटला. मग श्वास रोखून म्हणाला, "मागं फिरली जी... मागं फिरली..."

त्याने कागद वाचला कधी, हा विचार माझ्या मनात आलाही, पण त्याआधी डोक्यात लख्ख वीज चमकली आणि मी गोधडी झुगारून ओरडलो, "माऊ! मागे फिरली की उमा!"

वाघीण रस्त्याच्या मधोमध आली होती, आमच्याकडे बघत उभी राहिली होती, वळून झाडीकडे जाताना पुन्हा थबकली होती, आणि बहुधा तिथेच टेकणार होती, असं मला नंतर निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या स्वरांत सांगितलं. मला दिसलं ते हलणारं गवत. मागच्या जिप्सीतल्या एका गृहस्थांच्या हातात हातभर लांब लेन्स होती. त्यांनी ती माझ्यावर रोखली. गाईड तेवढा सभ्य. "तुमी बोलले नसते त बसली असती जी," एवढंच म्हणाला. बायको काहीच बोलली नाही. माऊचा दीर्घ 'ऊ' आखडून ऱ्हस्व कसा झाला, हे मी तिला समजावून सांगितलं, तरीही नाही.

गेटवर परतल्यावर चहा घेताना माझे दोन-तीनच क्लू अडलेले होते. त्यातला एक फारच खडतर: 'पाय मोडलेलं कारस्थान मित्राला चिकटलं, की काळजात घुसायला तयार (३)'. मी तो ड्रायव्हरला, गाईडला आणि चहावाल्यालाही वाचून दाखवला. गाईडने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "कट. मित्र म्हणजे यार. ट चा पाय मोडला त कट्यार." मग बोट कागदाच्या माथ्यावर नेऊन, मला वाईट वाटू नये अशा बेताने, म्हणाला, "वरती लिवलं आहे जी."

दुपारी मावशींकडे पानावर बसलो तरी विठोबा आणि महाकवि आपापल्या जागी ठाण मांडून होते. मावशींचा मोतीबिंदू पिकत आलेला, चष्मा देवघरात राहिलेला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा दिसत नसल्याने सगळं एका दमात वाचलं, "देवसंतमंडळीत... अगंबाई, यात वसंत आहे की."

भाताचा घास माझ्या हातातच राहिला. दे, मग व-सं-त. विठोबा गेला, त्याच्यामागे महाकवि गेला, आणि नेहमीचा 'सदा' शंकराच्या 'शिवा'ला जोडून सदाशिव हजर झाला, जो नाटकभर गाणं शिकायला तळमळतो आणि ज्याच्यावर मी एकदा नागपुरात भाषण केलं आहे. बॉलपेनची गिरवागिरवी इतकी झाली होती की त्या घरांत कागदाला भोक पडलं. तिथून मावशींची आमटी दिसत होती.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला नाही, पण तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "सुटलं, सुटलं. हो, सगळ्यांनी मिळून... नाही रे, यांना नाही दिसली. ऐक ना, पुढचं कोडं वाघावर कर, म्हणजे निदान तिथे तरी दिसेल."