मतांवर जकात

परदेशात सहल करून परतणाऱ्या माणसाने सोबत किती दारू आणावी यावर सरकारचं बारीक लक्ष असतं. दोन लिटर. त्याहून जास्त असेल तर लाल वाट धरायची आणि पैसे मोजायचे. सोन्याला नियम आहे, सिगारेटींना आहे, रोपांना आणि बियाण्यांनाही आहे, कारण त्यांच्याबरोबर कीड येते आणि इथल्या पिकाची वाट लावते. फक्त एका मालाला कसलीही मर्यादा नाही, आणि येतो सगळ्यांत जास्त तोच. तो माल म्हणजे मत. दहा दिवसांत सात देश उरकून आलेला गृहस्थ दोन बॅगा, बारा फ्रिज मॅग्नेट आणि एक मत घेऊन हिरव्या वाटेने ताठ मानेने बाहेर पडतो. ‘तिकडे बघा, नाहीतर आपल्याकडे!’ हे ते मत. टॅक्सीच्या रांगेत त्याचं पाकीट फुटतं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते वाटलं जातं, आणि चॉकलेटं चार दिवसांत संपली तरी हे दिवाळीपर्यंत पुरतं. या मतावर जकात बसवावी असं माझं म्हणणं आहे. शब्द मुद्दाम जुना वापरतोय. मुंबईच्या नाक्यांवर १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत जकात होती, आणि नळ, गटारं, कचरागाड्या यांचा बराचसा गाडा तिच्या जोरावर चालायचा. ज्या मताचा सगळा विषय गटार आणि कचरा हाच आहे, त्याच्यावर दुसरा कुठला कर शोभणार?

आधी मालाची तपासणी करू. ‘तिकडे’ नावाचा देश नकाशात सापडत नाही. झुरिचचे रस्ते, टोकियोची रांग, सिंगापूरची शिस्त आणि पॅरिसची संध्याकाळ एकत्र घोटून तो तयार केलेला असतो. त्यात रोम घालताना रोमचा कचरा गाळून घेतात. मालाग्रोत्ता ही रोमची अवाढव्य कचराभूमी २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिथल्या कचऱ्याचं रडगाणं चालू आहे आणि कुंड्या उकरायला रानडुकरं वस्तीत येतात. मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या सफाई कामगारांनी निवृत्तीचं वय वाढवण्याविरुद्ध संप केला, तेव्हा त्या सुंदर संध्याकाळी दहा हजार टनांच्या घरात कचरा फुटपाथवर साचून होता. पण टूर मॅनेजरच्या वेळापत्रकात कोलोसियमला दीड तास असतो, कचरा डेपोला दहा मिनिटंही नसतात. त्याचं काही चुकत नाही. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतात, मोरी दाखवत नाहीत. चुकतं आपलं, कारण त्यांचा दिवाणखाना आपण आपल्या मोरीशी ताडून पाहतो. तिकडच्या रहिवाशांचंही एक ‘आपल्याकडे’ असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या नागरिकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. व्हेनिसने त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर गर्दीच्या दिवसांसाठी पाच युरोंचं प्रवेशशुल्क बसवलं. बसमधून उतरलेला, थेपले खाणारा आणि आपल्या गाइडला शोधणारा पन्नास जणांचा घोळका तिथल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात कोणत्या शब्दांत येत असेल, याची कल्पना केलेली बरी.

तरीही स्वित्झर्लंड खरोखरच स्वच्छ आहे. हे नाकारणं खोटेपणाचं होईल, आणि सदर लिहिणाऱ्यालाही थोडी अब्रू असते. प्रश्न पडतो तो पुढच्या वाक्याने. ‘त्यांच्या रक्तातच आहे हो ते!’ हे वाक्य टिटलिसच्या बर्फावर शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या चित्राशेजारी फोटो काढताना सुचतं आणि पुढे जन्मभर टिकतं. आता त्या रक्ताची तपासणी करू. १९६३ मध्ये मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी असलेल्या झेर्माट या थंड हवेच्या श्रीमंत गावात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला, विषमज्वराची साथ आली, चारशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि तिघं दगावली. तेव्हा स्विस रक्तात स्वच्छता किती होती ते सांगता येत नाही, टायफॉइडचे जंतू मात्र निश्चित होते. १९६५ मध्ये त्या देशात सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला जोडलेली माणसं शंभरात चौदा. बाकीच्यांची घाण जायची त्याच नद्यांत आणि सरोवरांत, ज्यांच्या काठावर आज आपण हात पसरून उभे राहतो. कितीतरी ठिकाणी पोहायला बंदी होती. १९७१ मध्ये जलसंरक्षणाचा कडक कायदा आला. (त्याच वर्षी स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला. रक्तातल्या गोष्टींनाही कधीकधी मतदान घ्यावं लागतं.) मग केंद्रं बांधली, नळ टाकले, कर लावले, आणि आता शंभरातल्या सत्त्याण्णवांच्या वर माणसं त्या जाळ्यात आहेत. मधेच १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ रसायनांचं गोदाम पेटलं, आग विझवायला मारलेलं पाणी विष घेऊन ऱ्हाइनमध्ये उतरलं, नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. आज त्याच बाझेलमध्ये लोक ऱ्हाइनमध्ये डुंबतात. एका आयुष्यात बसणारा हा हिशेब आहे. झेर्माटच्या साथीच्या वर्षी जन्मलेला स्विस माणूस आज साठीच्या पुढे आहे. कदाचित तोच आपल्याला रोपवेचं तिकीट फाडून देतो.

या हिशेबात खर्चाचा रकाना आहे, आणि आपल्या मतात नेमका तोच नसतो. स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गावांत कचरा कुठल्याही पिशवीत टाकता येत नाही. पालिकेची शुल्क भरलेली पिशवी विकत घ्यावी लागते, पस्तीस लिटरच्या पिशवीला साधारण दीड-दोन फ्रँक, म्हणजे आपले दीड-दोनशे रुपये. साध्या पिशवीत भरून गुपचूप ठेवली तर पालिकेची माणसं ती उघडून आत एखादं पाकीट, एखादं बिल, म्हणजे तुमचा पत्ता शोधतात आणि दंड घरी पाठवतात. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, शेजाऱ्यांची झोप मोडते. या देशात आठवडाभर राहिलेला पर्यटक यातला एक फ्रँकही भरत नाही, भरला तरी तो हॉटेलच्या बिलात विरघळलेला असतो. शहर वापरायचं आणि बिल शेजारच्या टेबलावर जाऊ द्यायचं, अशी ही सोय. जर्मनीच्या महामार्गावर युरोभर मोजून स्वच्छतागृहात जाऊन आलेला माणूस तिथल्या स्वच्छतेवर बोलतो, त्या युरोबद्दल बोलत नाही. इथे ‘सुलभ’च्या दारात मात्र सुट्ट्या पाच रुपयांवरून तोच हुज्जत घालतो. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये घरकचऱ्यासाठी दरमहा शुल्काचा मसुदा काढला, ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला १०० रुपये, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला! शंभर रुपयांत स्विस माणसाची एक पिशवीही येत नाही. पुण्यात कचरावेचक बायकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा उचलते. तिचं मासिक शुल्क एका पिझ्झ्याच्या किमतीशी ताडून पाहावं, आणि मग ते देताना किती घरांत सुटे पैसे नसतात तेही पाहावं. त्याच पुण्यात डोक्यावर हेल्मेट घालायची सक्ती झाली की कृती समिती उभी राहते. ल्यूसर्नच्या बसमध्ये पट्टा बांधून बसलेल्यांनी ‘काय ही शिस्त!’ म्हणून टाळ्या वाजवलेल्या असतात, घरच्या गाडीत मागच्या सीटचा पट्टा मात्र कव्हरखाली दडपलेला असतो.

मराठी भाषेने इथे एक सापळा लावून ठेवलाय. पुष्कळ भाषांना नाही अशी सोय आपल्याला आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर ‘आपण’, वगळून बोलायचं असेल तर ‘आम्ही’. सहलीहून आलेला माणूस मात्र ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणतो आणि व्याकरण उलटं करतो. त्याच्या ‘आपल्या’त ऐकणारा असतो, लिफ्टमन असतो, समोरचा रिक्षावाला असतो, एकशे चाळीस कोटी असतात, नसतो फक्त बोलणारा. तो दहा दिवसांसाठी बाहेर गेला होता आणि मनाने अजून इमिग्रेशनच्या रांगेत उभा आहे. मताचा खरा उपयोग हाच. ते सुधारणेसाठी आणलेलं नसतं, सुटकेसाठी आणलेलं असतं. ‘इथे काही होणार नाही’ हे एकदा ठरलं की ओला-सुका कचरा वेगळा करायचं कारण उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल, आणि तो फुसका नाही. आम्ही कर भरत नाही का? भरतो, भरपूर भरतो, मग आमचे पैसे जातात कुठे? प्रश्न रास्त आहे, फक्त तो विचारायचा कोणाला, इथे गाडी अडते. आयकर दिल्लीला जातो, आणि दारातलं गटार दिल्लीच्या यादीत नसतं. ते पालिकेकडे असतं. स्वित्झर्लंडमध्ये गाव स्वतःच्या आयकराचा दर स्वतः ठरवतं, आणि लहान गावांत तर लोक सभेला बसून अंदाजपत्रकावर हात वर करतात. देशपातळीवर वर्षातून चारेक वेळा मत विचारलं जातं. २०१२ मध्ये सगळ्यांना सहा आठवडे रजा हवी का असं विचारलं, तर तिघांतल्या दोघांनी नको म्हणून सांगितलं. (हा प्रश्न आपल्या एखाद्या कार्यालयात दुपारी चारनंतर विचारून पाहावा, उत्तर द्यायला कोणी सापडलं तर.) तिथेही पुष्कळदा निम्मे लोक मतदानाला जात नाहीत, त्यामुळे त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पण विचारलं तरी जातं. मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं या शहरांचा कारभार प्रशासकाने पाहिला. या काळात युरोपला जाऊन आलेल्या हजारो मराठी माणसांनी तिकडच्या फुटपाथची वाखाणणी केली. आपल्याला नगरसेवकच नाही, ही गोष्ट त्यांतल्या किती जणांच्या लक्षात आली होती? ‘पैसे जातात कुठे’ हा प्रश्न विचारण्याची खिडकीच बंद होती, आणि रांगेत कोणी नव्हतं.

दुसरा आक्षेप लोकसंख्येचा. अख्खा स्वित्झर्लंड नव्वद लाखांचा, आपल्या मुंबईहून लहान. मान्य. पण मग सिंगापूरचं मत आणू नये, तिथे चौरस किलोमीटरला आठ हजारांच्या आसपास माणसं राहतात, आणि १९७७ मध्ये त्यांची नदी इतकी घाण होती की ती साफ करायला दहा वर्षं लागली. टोकियोचं तर मुळीच आणू नये. १९९५ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाल्यानंतर सार्वजनिक कचराकुंड्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या, आणि लोक बिस्किटाचा कागद खिशात घालून घरी नेऊ लागले. ‘कुंडीच ठेवलेली नाही, टाकायचं कुठे?’ हा आपला राष्ट्रीय बचाव तिथे चालत नाही.

मग परदेशी जाऊच नये का? जावं की. काहींनी जाऊन काय आणलं ते पाहा. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं मराठी पुस्तक आलं, त्यात त्या देशाच्या शाळा, संस्था, बायकांच्या संघटना कशा चालतात याची चौकशी आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिका फिरले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांना आवडली. ‘नाहीतर आपल्याकडे!’ म्हणून ते थांबले नाहीत. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपालच त्यांनी बडोद्याला आणला, आणि संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयं निघाली. ते महाराज होते, त्यांच्याकडे तिजोरी होती, असं कोणी म्हणेल. सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही सिंकिंग फंड असतो. कंपोस्टच्या खड्ड्याला अमेरिकेतून माणूस आणावा लागत नाही.

तेव्हा जकातीचे दर असे असावेत. माल उतरवताना मुळाचा दाखला मागावा. स्विस लोक चॉकलेटलाही मागतात. टोब्लेरोनच्या उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात जायचा होता, तर २०२३ मध्ये त्याच्या वेष्टनावरून मॅटरहॉर्न उतरवावा लागला. त्या न्यायाने बसच्या खिडकीतून बनलेल्या मतावर स्विस शिक्का मारता येणार नाही. ‘रक्तात’, ‘संस्कार’ आणि ‘लायकी’ असे शब्द असलेल्या मतांवर चैनीच्या वस्तूचा दर लागेल. ‘कसं केलं, किती खर्च आला, कोणी भरला’ यांपैकी एकाचं जरी उत्तर सोबत असेल तर निम्मी सूट, तिन्हींची उत्तरं असतील तर संपूर्ण माफी आणि वॉर्ड ऑफिसच्या बैठकीचं निमंत्रण. निमंत्रण नको असेल तर पूर्ण दर. ज्यांना यातलं काहीच भरायचं नाही, त्यांच्यासाठी विमानतळाच्या दारात दोन पेट्या ठेवाव्यात, ओल्या मतांसाठी हिरवी आणि सुक्या मतांसाठी निळी. लोक तिथेही सगळं एकाच पेटीत टाकतील, हे या सदराचं भाकीत आहे. त्याच्यावरची जकात भरायला प्रस्तुत लेखक तयार आहे, फक्त पावती नीट फाडून द्यावी.